पंखा उतरवलेली खोली

पंख्याशिवाय आपली खोली थंड राहते एवढं सिद्ध केलं की निनाद सबनीसला खिडकीची खोली मिळणार होती. गरगर फिरणाऱ्या त्या अवकाश वसाहतीत खिडकी म्हणजे इभ्रतच! त्याने एका पुठ्ठ्यावर गणित मांडलं. किरणोत्सारी शेगडीचं वय काढलं, उष्णता निम्म्यावर आलेली निघाली. शिवाय गरम हवा आपोआप वर जातेच. पंखा उतरला.

"बाळ गुदमरेल रे," त्याची बायको केतकी म्हणाली.

"अगं, शाळेतलं पदार्थविज्ञान आहे हे!"

तेवढ्यात भोंगा झाला. यान जोडायला वसाहतीचं फिरणं थांबलं, तशी सगळ्यांची वजनं गेली आणि हवेला वर-खाली काही उरलं नाही. गरम, वापरलेली हवा बाळाभोवतीच साचली. ते धापा टाकू लागलं.

"वजन जातं तेव्हाचं गणित केलंस?"

निनाद उतरवलेल्या पंख्याचे तरंगते स्क्रू पकडत राहिला.

केतकीने त्याचा उत्तराचा पुठ्ठा हिसकावला आणि वारा घालू लागली. प्रत्येक झटक्याला तीच मागे ढकलली जाई. म्हणून तिने पाळण्याच्या पट्ट्यांत पाय अडकवले. वसाहत पुन्हा फिरेपर्यंत ती थांबली नाही. शेवटी बाळ खणखणीत रडलं.

तपासणीत खोली पंख्याशिवाय टिकल्याची नोंद झाली. खिडकी निनादला मिळाली. खांदे केतकीचे गेले.