झालं म्हणे

लॉकडाउनमधले तीन आठवडे सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये डोकेफोड करून कौमुदीने कंपनीच्या डिस्क ड्रायव्हर प्रोग्राममधला बग पकडला. माहिती डिस्कवर लिहून होण्याआधीच तो ड्रायव्हर बेधडक 'झालं' म्हणून मोकळा व्हायचा. मध्येच वीज गेली, की माहितीही जायची. कौमुदीने त्याला लिहून होईपर्यंत थांबायला आणि खरं बोलायला लावलं.

सोमवारी मॅनेजर डेक्लन व्हिडिओ कॉलवर आला.

"काम एकदम ग्रँड केलंस, कौमुदी. फक्त सिस्टिम जरा हळू झालीये, ग्राहक कुरकुरताहेत. तेवढी तुझी दुरुस्ती काढून टाक."

"मग त्यांची माहिती पुन्हा हरवू लागेल."

"हरवल्याची तक्रार कुठंय? दोन वर्षांत एकही नोंद नाही."

"तक्रारीही आपण याच डिस्कवर साठवतो, डेक्लन," कौमुदी शांतपणे म्हणाली.