तारेतले दोन शब्द

पोस्टमननं तार हातात ठेवली आणि उमेदमल शेटजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा एकुलता एक मुलगा फुलचंद कलकत्त्यात विषमज्वरानं आठवडाभर बेशुद्ध पडला होता. नंदुरबारच्या त्या पेठेत तार म्हणजे कुणीतरी गेलंच, असा समज. तार फोडायच्या आधीच शेजारची सिंधुबाई दाखूबाईंच्या, म्हणजे शेटाणीच्या, गळ्यात पडून रडू लागली.

दुकानातला हिलाल तीन इयत्ता इंग्रजी शिकलेला. त्यानं बोट ठेवून वाचलं, "फुलचंद पुल्ड थ्रू." मग अडखळत अर्थ लावला. "पुल म्हंजे वढनं, थ्रू म्हंजे आरपार. फुलचंदशेटले आरपार वढी लिधं, आसं लिखेल शे."

कुणी ओढून नेलं, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. सिंधुबाई उठली, शेटजींच्या सुनेच्या बांगड्या उतरवायला.

"नाही," स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला.

उमेदमल चमकले. सून भंवरी चार वर्षं या घरात होती, पण मारवाड्याची सून सासऱ्यासमोर बोलत नाही. तिचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"ते शब्द सुटे करायचे नसतात," ती म्हणाली. "दोन्ही मिळून एकच. पुल थ्रू म्हणजे मोठ्या दुखण्यातून तरून निघणं. ते वाचलेत."

माहेरी मास्तर भावाला शिकवत तेव्हा ती भिंतीआड मूग निवडत बसायची, एवढंच तिनं सांगितलं. हिलालला पटेना. गल्ल्याखालचं जुनं इंग्रजीचं पुस्तक काढून तो एकेक विचारत सुटला. पुट ऑन? अंगात घालणं; उलट टेक ऑफ, उतरवणं. गिव्ह इन? हार मानणं, उलट होल्ड आउट, टिकून राहणं. ती कुठेच अडली नाही.

उमेदमल त्या दाराकडे बघतच राहिले. जिथून आजवर फक्त वाढलेलं ताट बाहेर यायचं, तिथून साता समुद्रापलीकडची विद्या येत होती, आणि पोरगा जिवंत होता. नवल कशाचं जास्त करावं हेच त्यांना कळेना. त्यांचे डोळे भरून आले.

"आन पुल थ्रूना उलटा?" हिलालनं विचारलं.

आतून काहीच आलं नाही.

"हाई तिले येत नही वाटस."

उमेदमलनी त्याच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"तिले येस," ते म्हणाले. "म्हनीसनच बोलनी नही."