न थरथरणारा हात

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, एकटीनं करायचा प्रकल्प म्हणून लेकीनं हाताची थरथर थांबवणारा मनगटी पट्टा बनवला. थरथरता हात घरातच होता. बाबांनी त्यापायीच घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं. आधी पट्ट्याविना थरथर मोजायची, मग पट्टा बांधून. बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोजणीला बसत आणि कोपर बरगडीशी घट्ट दाबून भरलेला पेला उचलत. आठ दिवसांत एक थेंब सांडला नाही.

"हात थरथरतच नाही, मग तुझा पट्टा थांबवणार काय, डोंबल?" गाइड मॅडम म्हणाल्या.

लेक रडकुंडीला येऊन घरी आली. "बाबा, परीक्षा माझी आहे हो, तुमची नाही! एकदा तरी नापास व्हा ना!"

बाबा पुन्हा मोजणीला बसले. मग त्यांनी कोपर सैल सोडलं आणि पेला उचलला. तोंडाशी येईपर्यंत तो निम्मा झाला. शर्ट भिजला, तिची वहीही भिजली.

"आता जमलं का गं?"

"हो बाबा, मस्त जमलं," ती म्हणाली.

मोजणीचं बटण दाबायचं तिला सुचलंच नव्हतं.