डाव्या कानाचं रबर

डाव्या बाजूनं ढोलकी पुन्हा पोकळच वाजली. नागसेननं डावा इअरफोन काढला, त्याचं मोठं रबर उतरवलं आणि फोमचं चढवलं. बोटांनी चेपून, कानाची पाळी वर ओढून, नीट आत बसवलं. फोम हळूहळू फुगला. त्यानं गाणं लावलं. उजवीकडं ढोलकी अशी भरून आली, की थाप छातीवर पडावी. डावीकडं नुसतं टकटक. लांब कुणी पत्र्यावर नख वाजवावं, तसं.

"हाबी बेकारच निघाला," तो म्हणाला.

हा तिसरा होता. स्टेजवरचे गायक असले इअरफोन कानात घालतात, म्हणजे स्वतःचा आवाज आणि साथ स्वच्छ ऐकू येते. संग्रामपूरच्या आपल्या गायन पार्टीला किमतीत झेपतील असे तीन त्यानं मागवले होते. पहिल्यात ढोलकी इतकी जड, की गाणारा तिच्याखाली गाडला जाई. दुसऱ्यात गळा मोकळा, पण प्रत्येक 'स' सुईसारखा टोचे. तिसरा बेताचा, गोड. पण डावीकडं तिघंही सारखेच लुळे. मोबाईलवरच्या व्हिडिओंत सगळे सांगत होते, रबर कानात गच्च बसलं नाही की बेस, म्हणजे खालचा भरीव आवाज, गळून जातो. म्हणून तो सकाळपासून रबरं बदलत बसला होता. लहान, मधलं, मोठं, फोम.

हे सगळं सोनाळा गावच्या कार्यक्रमापासून सुरू झालं. नागसेन आणि त्याची बायको छाया, लग्न झाल्यापासून जोडीनं बाबासाहेबांची गाणी गात आले. त्याच्या वडिलांची पार्टी, तीच त्यानं पुढं चालवली. सोनाळ्यात मात्र तो अंतऱ्याला आधीच शिरला. एकदा नाही, दोनदा. ढोलकीवाल्या सहदेवनं कसंबसं सावरून घेतलं. समोरच्या गर्दीत कोणीतरी म्हणालं, "मास्तर थकले आता." नागसेन सगळा राग साउंडवाल्यावर काढून घरी आला. आता धाड गावाहून गाण्याचं बोलावणं आलं होतं. तिथं असं होऊन चालणार नव्हतं.

"छाया, तू ऐकून पाह्य बरं एकडाव."

छाया शिलाई मशीनवरून उठली. तिनं इअरफोन पदराला पुसले, लहान रबरं लावली आणि डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"मले तं दोन्हीकडून सारखंच येऊन राह्यलं."

"तुह्या कानाले बारीक रबर बसते. माह्या डाव्या कानाचं भोक वेगळं असंन."

"असंन," ती म्हणाली. ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

नागसेननं मधली रबरं चढवली. मग चिडूनच त्यानं डावा इअरफोन उलटा धरला आणि उजव्या कानात खुपसला. तो आकारानं तिथं बसणारा नव्हता. बोटानं दाबून धरावा लागला.

ढोलकी धुमली. भरीव, गोल, जशी सहदेवच्या हाताखाली धुमते तशी.

त्यानं उजवा इअरफोन डाव्या कानाला लावला. टकटक.

पुन्हा उलटसुलट करून पाहायला त्याचा हात धजला नाही. कित्येक वर्षं स्टेजवर स्पीकरचा खांब त्याच्या डाव्या अंगाला उभा होता. मागच्या साली त्या कानात शिटी वाजायची. त्यानं कोमट तेल घातलं होतं. पुढं शिटी थांबली. तेव्हा त्याला वाटलं होतं, कान बरा झाला.

गाणं संपलं, तरी तो तसाच बसून राहिला. दारातून ऊन आत आलं होतं, पलीकडं मशीन चालत होती. त्याच्या मनात आलं, वडिलांनी मरेपर्यंत गायलं. आपलं मात्र इथंच संपलं. छायाला कळलं तर ती एकटी गाणार नाही. दोघांचंही गाणं जाईल. त्यानं इअरफोन गुंडाळून डबीत ठेवले आणि आवाजात बळ आणलं.

"हाच ठेवू वं आपन. मधल्या रबरात मस्त वाजते."

मशीन थांबली.

"कोन्या कानात?" छायानं विचारलं.

ती उठून त्याच्याजवळ आली आणि खाली जमिनीवर, त्याच्या गुडघ्याला टेकून बसली.

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तं तुम्ही गानं सोडलं असतं. आता तुमचं तुमाले समजलं. डाक्टरकडं जाऊ. धाडलेबी जाऊ. अंतऱ्याची जागा आली की मी तुमच्या पाठीवर हात ठेवत जाईन."

"तुले समजलं कसं पन?"

"माही माय गेली, तवा महिनाभर मी तुमच्या डाव्या अंगाले झोपून रडली. तोंडात पदर घालून. तुम्ही कधी हातसुदा लावला नाही. मले वाटलं, मानूस दगड झाला. लय राग आला होता तुमचा. मंग एक दिवस पाव्हने आले म्हून जागा बदलली, उजव्या अंगाले झोपली. अन् तुम्ही पहिल्याच हुंदक्याले उठून बसले."