नानांचं गॅस बिल

"एकटा म्हातारा माणूस स्वयंपाक तो काय करणार? तरी बिल वाढलंच कसं?" शुभदा फोनवर गॅस कंपनीच्या मुलीवर कडाडली. चिंचवडला राहणाऱ्या वडिलांचं बिल तीच ठाण्याहून भरायची, तेही नुसता खालचा आकडा बघून.

मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, यात गॅसचा एक रुपयाही नाही. वाढलाय तो किमान आकार आणि त्यावरचा कर. गॅस वापरला नाही तरी तो भरावाच लागतो. तुमचं मीटर मार्चपासून हललेलंच नाही."

मार्चमध्ये आई गेली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी नाना कौतुकानं सांगायचे, आज पिठलं जमलं, आज खिचडी केली.

तिनं तडक त्यांना फोन लावला.

"आत्ताच जेवलो बघ. वांग्याचं भरीत केलं होतं, अगदी तुझ्या आईसारखं."

"नाना," तिनं विचारलं, "वांगं कशावर भाजलंत?"

नाना हळूच म्हणाले, "तिची शेगडी आहे गं ती. मी कशी पेटवू?"