पुतळ्याची करंगळी
पालघरच्या चौकात पुढाऱ्याच्या ब्रॉंझच्या पुतळ्यावरचा पडदा सरकला आणि टाळ्या वाजल्या. मासळीची पाटी उतरवून थांबलेली पुष्पलता मात्र गोंधळली. पुतळ्याच्या उंचावलेल्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली होती, थेट तिच्या नवऱ्याच्या, दादूच्या करंगळीसारखी. जाळ्याच्या दोरात मोडलेलं दादूचं ते बोट तिनेच हळद लावून बांधलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकदा दादू मासेमारीला गेला नाही. “बोईसरला मूर्तीवाल्याकडं दिवसभर हात वर करून उभा व्हतो,” म्हणाला. तिने त्याला खोटारडा ठरवून अबोला धरला. अबोला सुटायच्या आतच दादू समुद्रावर गेला, तो परतलाच नाही. आता लोक पुतळ्याला नमस्कार करत होते. तिलाही हात जोडावेसे वाटले, पण कोणाला, ते कळेना. पोलिसाने विचारलं, “मावशी, रडताय कशाला? साहेबांना ओळखत होतात?” “तोंड नाय वळखत,” ती म्हणाली, “हात माझ्या घरचा हाय.”