दीनाबाईचा अंगठा

उसाच्या चरकात दोन्ही हात गेलेली दीनाबाई अपंगत्वाचा दाखला आधारला जोडायला आली, तेव्हा श्रीरामपुरातल्या केंद्रावरचा केदार हसून म्हणाला होता, "अंगठा लावा, मगच पेन्शन." अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून ओळख पटवायचं मशीन कपाटात होतं, पण काढायचा त्याला कंटाळा. हेलपाटे घालून घालून बाई उन्हाळ्यात वारली.

आज सकाळी मशीन सुरू करायला केदारनं स्वतःचा अंगठा टेकवला. पडद्यावर दीनाबाईचा फोटो आला. अंगठा पुसून पुन्हा लावला. पुन्हा तीच.

"मशीन बरं हाय की," खिडकीतून तिचा आवाज आला. "आता मी लावते."

पदराखालून एक हात पुढं आला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, काल दारात चेंगरलेलं, केदारचं.

मशीनचा दिवा हिरवा झाला. केदारला आपल्या उजव्या हाताकडं बघवेना.

"जुळलं बघा," दीनाबाई म्हणाली. "आता डावा द्या."